वाचक विचारतात : हातात सहा दिवस आणि जायचंय बँकॉकला

थंडीत कापूस विकून हातात पैसा आला, की आपल्याकडे दोन बेत हमखास निघतात. एक भरिताचा, दुसरा फिरायचा. भरिताला संध्याकाळ पुरते. फिरायचं म्हटलं की पत्रं आमच्याकडे येतात, आणि यंदा त्यांतली बहुतेक ‘पुढच्या आठवड्यात निघायचंय’ अशीच आहेत.

प्रश्न (अमळनेर) : आम्ही चौघं : मी, बायको, ६८ वर्षांची आई आणि अकरावीतला मुलगा. पुढच्या शुक्रवारी निघून मंगळवारी परत यायचं, बँकॉक ठरलंय. टूरवाले ‘आता जागा नाही’ म्हणतात, म्हणून स्वतःच करतोय. आधी तिकीट काढू की हॉटेल?

उत्तर : दोन्ही नको. आधी चारही पासपोर्ट टेबलावर मांडा. थायलंडमध्ये उतराल त्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने प्रत्येक पासपोर्ट चालू असला पाहिजे. घोटाळा बहुधा मुलाच्या पासपोर्टात निघतो. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, पण अल्पवयीन मुलाचा बहुधा पाच वर्षांचा, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांतलं जे आधी येईल तेवढाच. ‘सगळ्यांचे एकदमच काढले होते’ म्हणून आई-बाप निर्धास्त असतात आणि चेक-इन काउंटरवर पोराचं अडतं. पान फाटलंय का, पावसात भिजून शाई पसरलीय का, तेही पाहून घ्या.

मग आईच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ (देश सोडताना सरकारी तपासणी लागेल, असा) शेरा आहे का बघा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर तो असू शकतो (पन्नाशी ओलांडलेल्यांना खरं तर त्यातून सूट आहे), आणि ज्या १८ देशांसाठी तो लागू आहे त्यांत थायलंड येतं. घाबरू नका. परवानगी लागते ती नोकरीसाठी जाणाऱ्याला. पर्यटकाला लागत नाही, पण मुंबईच्या इमिग्रेशनवर विचारणा होते. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून आईच्या पिशवीत ठेवा.

व्हिसाचं म्हणाल, तर १५ जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना थायलंडने ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. अशा सवलतींचे दिवस आणि अटी तिथलं सरकार बदलत असतं. म्हणून पैसे भरायच्या त्याच दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम वाचा. मित्राने मागच्या वर्षी काय केलं, त्यावर जाऊ नका.

आता तिकीट. नाव पासपोर्टावर आहे तसंच, अक्षर न अक्षर. लग्नानंतर बायकोचं नाव आधारवर बदललं आणि पासपोर्टावर माहेरचंच राहिलं, असं आपल्याकडे घरोघरी असतं. विमानाच्या तिकिटावर पासपोर्टाचंच नाव चालतं. आडनावाचा रकाना कोरा असेल, तर एअरलाइनच्या हेल्पलाइनला विचारूनच भरा.

वेळेची निवड भाड्याइतकीच महत्त्वाची. मुंबई ते बँकॉक सव्वाचार-साडेचार तास, आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. रात्री अकराला निघणारं स्वस्त विमान पहाटे पाचला उतरवतं. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोनला. मधले नऊ तास ६८ वर्षांच्या आईला घेऊन कुठे बसाल? वाचलेले दोन हजार तिथेच जातात. सकाळचं विमान घ्या. नाही मिळालं, तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या आणि ‘पहाटे येतोय’ असं हॉटेलला लिहून कळवा, नाहीतर आला नाहीत म्हणून खोली सोडून देतात.

तिकिटावर विमानतळाचं नावही वाचा. बँकॉकला दोन आहेत. सुवर्णभूमी २००६ मध्ये सुरू झालेला, तर डॉन मुआंग जुना, बहुतेक स्वस्त कंपन्यांचा. सुवर्णभूमीच्या तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक निघते. शेवटच्या फाया थाई स्थानकापर्यंत अर्ध्या तासात नेते, भाडं ४५ बात. थाई बात म्हणजे आपले साधारण अडीच-तीन रुपये. चौघं आणि सामान असेल, तर मीटरची टॅक्सीही परवडते. ती पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी काढून घ्यायची. मीटर ३५ बातपासून सुरू, विमानतळाचे वर ५० बात, आणि एक्स्प्रेस-वेचा टोल प्रवाशाच्या खिशातून. या तिन्ही गोष्टी ठाऊक असल्या की भांडण होत नाही. आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ करणाऱ्यामागे मात्र जाऊ नका.

हॉटेल चकचकीत असण्यापेक्षा स्थानकाला लागून असावं. फाया थाई किंवा रात्चथेवीजवळ राहिलात, तर विमानतळाची गाडी आणि बीटीएस ही उन्नत रेल्वे दोन्ही हाताशी. सुखुमवित रस्त्यावर असोक स्थानकापाशी राहिलात, तर बीटीएस आणि भुयारी एमआरटी एकाच चौकात मिळतात, आणि भारतीय जेवणही जवळ. खाओ सान भाग स्वस्त आहे, पण रेल्वे नाही आणि रात्रभर गोंगाट. आईला घेऊन तिथे नको.

शेवटचं काम असं आहे की ते आधी करून ठेवताच येत नाही : थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५ पासून हे सक्तीचं आहे आणि उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. चौघांचं वेगवेगळं, फुकट. थाई इमिग्रेशनच्या मूळ संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गो डॉट टीएच’ने संपतो. शोधायला गेलात की वरती पैसे मागणाऱ्या साइट्स दिसतात, तिथून लगेच बाहेर पडा. पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक, हॉटेलचा पत्ता लागतो. चुका होतात त्या पासपोर्ट क्रमांकात शून्याऐवजी ‘ओ’ टाकण्याच्या, आणि जन्मतारखेतला दिवस-महिना उलटा भरण्याच्या. भरून झालं की येणारा क्यूआर मोबाइलमध्ये ठेवा, एक प्रत छापूनही घ्या. उतरल्यावर बॅटरी संपलेले फोन घेऊन उभे राहिलेले लोक रोज दिसतात.

प्रश्न (भुसावळ) : विमान शुक्रवारी दुपारी दीडचं आहे. त्या दिवशी पहाटे मुंबईला पोहोचणारी गाडी घेतली तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण गाडी कुठून सुटते ते पाहून घ्या. भुसावळवरून मुंबईला जाणाऱ्या निम्म्या गाड्या उत्तरेतून येतात, आणि डिसेंबर-जानेवारीत तिकडच्या धुक्यामुळे चार-सहा तास उशीर ही नवलाची गोष्ट नाही. वेळापत्रकात ती पहाटे चारला पोहोचते, प्रत्यक्षात नऊला कल्याण. म्हणून अमरावती एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेससारखी, विदर्भातूनच निघणारी गाडी घ्या. रात्री भुसावळ-जळगाव, सकाळी सीएसएमटी.

तत्काळ तिकीट गाडीच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता उघडतं. (आदला दिवस गाडी जिथून सुटते त्या स्थानकाचा धरतात.) २०२५ च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातंच लागतं. ते आजच जोडून ठेवा, दहाला पाच मिनिटं असताना नव्हे.

सीएसएमटीला उतरल्यावर टॅक्सीची गरज नाही. मेट्रो ३, म्हणजे भुयारी ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे. सीएसएमटीच्या मेट्रो स्थानकातून बसलं की गाडी न बदलता थेट विमानतळ टी-२. ठाण्यालाच उतरायचं असेल, तर लोकलने घाटकोपर, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ चं एकच स्थानक. पण यात दोन ठिकाणी जिने आणि गर्दी. मोठ्या बॅगा असतील तर सीएसएमटीच बरं. मेट्रो रात्रभर नसते, पहाटेच्या विमानाला ती धरू नका.

परदेशी विमानाचं चेक-इन काउंटर बहुधा उड्डाणाआधी तास-सव्वा तास बंद होतं. दीडच्या विमानासाठी साडेदहाला टी-२ मध्ये असा. पावसाळ्यात हाच हिशेब चालणार नाही. कसारा घाटात दरड किंवा पाणी आलं की अख्खी लाइन थांबते, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठायची.

नंदुरबार, शहादा, नवापूरच्या वाचकांनी मुंबईचाच आग्रह धरू नये. सुरतेहून बँकॉकला थेट विमान डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालं आहे. तुमच्या तारखेला ते आहे का पाहा. असेल तर ताप्ती लाइनने काही तासांत सुरत, रात्र वाचली.

प्रश्न (जळगाव) : पैसे कसे न्यायचे? यूपीआय चालतं का? कार्ड आहे, पण कधी बाहेर वापरलेलं नाही.

उत्तर : यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. दुकानात क्यूआर दिसतो तो तिथल्या बँकांचा.

कार्ड कधी बाहेर वापरलेलं नाही, म्हणजे ते बहुतेक बंद आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातला वापर सुरू करा, एटीएम आणि दुकान दोन्हींसाठी वेगवेगळं बटण असतं. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय व्यवहाराचे साडेतीन टक्क्यांच्या आसपास कापतात, वर जीएसटी. दुकानदार मशीन पुढे करून ‘रुपयात की बातमध्ये?’ विचारेल तेव्हा बात. रुपये म्हटलंत की दर मशीनवाला ठरवतो, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो.

रोख लागतेच. जळगावात ऐन वेळी बात मिळतीलच असं नाही, डॉलर बहुधा मिळतात. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट घेऊन अधिकृत मनी चेंजरकडे जा. एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, तेवढ्या तुम्हाला लागणारही नाहीत. शंभराच्या कोऱ्या नोटा मागा. बँकॉकमध्ये शंभराच्या नोटेला जो भाव मिळतो तो पाच-दहाच्या नोटांना मिळत नाही, आणि शाईचा ठिपका किंवा चिरलेला कोपरा असेल तर नोट परत हातात देतात. सुवर्णभूमीवर सामान घेतल्याबरोबर दिसणाऱ्या खिडक्यांवर पैसे बदलू नका. तळघरात रेल लिंकच्या बाजूला मनी चेंजरच्या खिडक्या आहेत, तिथला दर बरा. थाई एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बातच्या आसपास कापतं, म्हणून काढायचेच तर एकदाच काढा.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर बिलात टीसीएस, म्हणजे आधीच गोळा केलेला आयकर, दिसेल. तो बुडत नाही. पॅन बरोबर दिलंत तर आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो.

प्रश्न (शिरपूर) : आम्ही पूर्ण शाकाहारी. घरून काय न्यावं, तिथे काय खावं?

उत्तर : घरून नेण्याचं आधी, कारण सुटकेस तिथेच उघडतात. दशम्या, खाकरा, भाजलेले दाणे, कोरडी शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. ठेचा, लोणचं, तेलातली चटणी, तूप हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रवात धरतात. हातातल्या पिशवीत १०० मिलीहून मोठी बरणी गेली, की तिथेच डब्यात. मोठ्या बॅगेत घाला, बरणीचं झाकण टेपने बांधून. तिखट-मसालाही मोठ्या बॅगेतच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवा. तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून ते सामानात चालत नाही. पॉवर बँकेचं नेमकं उलट. ती हातातल्याच पिशवीत, १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे चालते. केळी नेऊ नका. आपली जळगावची कितीही गोड असली, तरी ताजी फळं परवानगीशिवाय तिथे नेता येत नाहीत.

तिथे ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मांस नको’ म्हटलं तरी भाजीत माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, पडतोच. त्यांच्या दृष्टीने ते मीठच आहे. शब्द वापरायचा तो ‘जे’. ‘गिन जे’ म्हणजे मी ‘जे’ खातो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेल्या गाड्या-दुकानांत मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. जैन वाचकांनी तरी जमिनीखालच्या बाकी कंदांचं वेगळं विचारावं. हा शब्द थाई लिपीत मोबाइलवर साठवून दाखवलात तर उच्चाराचा प्रश्नच मिटतो.

पोळी-भाजीच हवी असेल तर पाहुरात. बँकॉकचं ते जुनं भारतीय कापडबाजाराचं ठिकाण, एमआरटीच्या साम योत स्थानकापासून चालत. तिथल्या गुरुद्वारा सिरी गुरू सिंग सभेत सकाळी लंगर असतो. डोकं झाकायला रुमाल न्या.

प्रश्न (चाळीसगाव) : तीन दिवसांत काय काय बघता येईल? यादी वीस ठिकाणांची झालीय.

उत्तर : यादी फाडा. बँकॉकमध्ये दुपारचं ऊन आणि वाहतूक, दोन्हींशी भांडून उपयोग नाही. दिवसाला एक मोठं ठिकाण सकाळी, एक हलकं संध्याकाळी.

ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो आणि तिकीटखिडकी दुपारी साडेतीनला बंद होते. एमआरटीच्या सनाम चाय स्थानकावर उतरून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बर्म्युडा घातलेल्या पोराला दारातच पँट विकत घ्यावी लागते. वाटेत एखादा नीटनेटका माणूस सांगेल, ‘आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, मी तुम्हाला दुसरी देवळं दाखवतो, टुकटुक फक्त २० बात.’ पॅलेस उघडा असतो. टुकटुक रत्नांच्या आणि शिंप्याच्या दुकानात जाते, आणि २० बात तिथल्या कमिशनमधून वसूल होतात. त्याच्याकडे न बघता फाटकापर्यंत चालत जा.

तिकिटं : ग्रँड पॅलेस ५०० बात, वाट फो ३०० बात, वाट अरुण २०० बात (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ). चौघांची तिन्ही केलीत, की एका दिवसात ४,००० बात, म्हणजे दहा-बारा हजार रुपये नुसत्या दारावर. वयस्कर माणसं बरोबर असतील तर वाट अरुणचं तिकीट सोडा, तिथले जिने शिडीसारखे उभे आहेत. था तियनच्या धक्क्यावरून संध्याकाळी ते नदीपलीकडून बघा, फुकट आणि जास्त सुंदर. वाट फो मात्र सोडू नका. आडवा पहुडलेला ४६ मीटर लांबीचा बुद्ध खांबांमधून एका नजरेत मावतच नाही. पायाशी गेलं की तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं दिसतात, आणि पाठीमागच्या बाजूला ओळीने १०८ कांस्याच्या भांड्यांत नाणी टाकण्याचा टणटण आवाज चालू असतो.

चातुचाकचा मोठा बाजार शनिवार-रविवारी. शुक्रवार-मंगळवार अशा सहलीत तो बसतो. सकाळी नऊला जा, बारानंतर पत्र्याखाली थांबवत नाही.

प्रश्न (चोपडा) : माझा पासपोर्ट दोन महिन्यांपूर्वीच संपला. तत्काळने आठवड्यात होईल?

उत्तर : होऊ शकतो, पण त्यावर न परतणारं तिकीट काढू नका. ३६ पानी पासपोर्टाची साधी फी १,५०० आणि तत्काळचे २,००० वर. वेळ घेताना नाशिकचं पासपोर्ट सेवा केंद्र बघा, पोस्टातल्या केंद्रावर तत्काळची आशा धरू नका. कागद पूर्ण असतील आणि पोलिस पडताळणी नंतर करायची असं ठरलं, तर अर्जाचा दिवस सोडून तिसऱ्या कामाच्या दिवशी पासपोर्ट रवाना होतो. पुढे स्पीड पोस्टचे दिवस आणि मधला रविवार तुमचा तुम्ही धरा.

प्रश्न (नंदुरबार) : दहा दिवसांनी लंडनला पुतणीकडे जायचंय. जमेल?

उत्तर : व्हिसा हातात नसेल तर नाही. ब्रिटनच्या साध्या भेट-व्हिसाला केंद्रावर बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरतात. जादा पैशाची प्रायॉरिटी सेवा पाच कामाच्या दिवसांची, पण ठसे द्यायची वेळ त्याआधी मिळायला हवी. पॅरिस-रोमसाठीच्या शेंगेन व्हिसाला नियमाने १५ दिवस, जास्तही लागू शकतात, वर ३०,००० युरोचा आरोग्य विमा. ऐन वेळचं शहर निवडताना आधी व्हिसा बघायचा, मग शहर.

प्रश्न (धुळे) : बँकॉकऐवजी दुबई केलं तर? आईच्या गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत.

उत्तर : दुबईला व्हिसा आधी काढावा लागतो, आणि पासपोर्टावर आडनावाशिवाय एकच नाव असेल तर प्रवेश अडतो. गोळ्यांची पट्टी नीट वाचा. ट्रामाडोल किंवा कोडीन असेल, तर तिथे पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका, खोकल्याच्या औषधातही कोडीन असतं. बाकी गोळ्या मूळ पट्टीतच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. आणखी एक, जे आपल्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही : खसखस. घरच्या काळ्या मसाल्यात ती असेल तर तो मसाला दुबईला नेऊ नका, सिंगापूरलाही नाही. दोन्हीकडे खसखशीला बंदी आहे.

प्रश्न (पारोळा) : आई अहिराणीशिवाय बोलत नाही. थाई इमिग्रेशनवर तिला विचारलं तर?

उत्तर : तिकीट काढताना एअरलाइनकडे व्हीलचेअर मागून ठेवा, किमान ४८ तास आधी. पैसे सहसा लागत नाहीत, आणि मदतनीस बहुधा वेगळ्या रांगेतून नेतो. इमिग्रेशनवर तुम्ही आईच्या लगेच पुढे उभे राहा आणि दोघांचे कागद एकत्र द्या. तिथे फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे पटकन उमटत नाहीत, म्हणून आधी हात ओल्या रुमालाने पुसून कोरडे करायला सांगा. तिच्या पिशवीत एक इंग्रजी चिठ्ठी ठेवा : नाव, तुमच्याशी नातं, हॉटेलचं नाव-पत्ता-फोन, परतीची तारीख आणि विमान क्रमांक. पैसे दाखवायला सांगू शकतात, म्हणून थोडे डॉलर तिच्याही पिशवीत असू द्या, सगळे तुमच्या एकट्याच्या पाकिटात नकोत.